‘जिंजर’ची कुळकथा

इंग्रजी शब्दांचे मूळ आपल्याकडे शोधायचे म्हटले की मराठीत दोन वाटा पडलेल्या दिसतात. पहिली वाट उत्साहाची. ‘मदर’ म्हणजे मातृ, ‘फादर’ म्हणजे पितृ अशी यादी द्यायची आणि इंग्रजी ही संस्कृतची लेक असल्याचे जाहीर करून मोकळे व्हायचे. या वाटेवर पु. ना. ओक फार लांब गेले. ‘व्हॅटिकन’ म्हणजे वाटिका आणि ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे कृष्णनीती असे त्यांनी ठासून सांगितले. व्हॅटिकन हे रोमजवळच्या टेकडीचे नाव ख्रिस्तजन्माच्या आधीपासून लॅटिनमध्ये होते, तेव्हा ख्रिस्ती धर्मपीठाशी त्याचा जन्मतः काही संबंध नाही, ही अडचण त्यांना जाणवली नसावी. दुसरी वाट अशा याद्यांना हसणाऱ्यांची. ते हसतात ते बरोबरच, पण हसण्याच्या भरात शुगर, कँडी, ऑरेंज, जिंजर हे शब्द खरोखरच या भूमीवरून गेलेले आहेत हेही झटकून टाकतात. दोन्हीकडे राहून जातो तो मुद्दा पुराव्याचा. कोणता पुरावा पक्का आणि कोणता कच्चा, हे ठरवल्याशिवाय शब्दाचे कूळ सांगता येत नाही. ‘जिंजर’ म्हणजे आपले आले. या एका शब्दाच्या मुळावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खल होत आला आहे आणि निर्णय करण्याइतके साहित्य आता हाताशी आहे. माझे म्हणणे असे की उच्चारातले साम्य आणि अर्थाची सोय हे व्युत्पत्तीतले सर्वांत कच्चे पुरावे आहेत. पक्का पुरावा असतो तो नियमाने बदललेल्या अक्षराचा, आणि त्याहून पक्का, जिथे असू नये तिथे राहून गेलेल्या अक्षराचा. या कसोटीवर ‘जिंजर’ भारतातूनच गेलेला ठरतो, पण संस्कृतातून गेलेला ठरत नाही.

आधी ‘संस्कृतशी संबंध’ या शब्दप्रयोगाची फोड केली पाहिजे, कारण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. एक संबंध भाऊबंदकीचा. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता नाहीशा झालेल्या उगमातून आल्या असाव्यात असे सांगितले. जर्मानिक आणि केल्टिक भाषांचाही उगम तोच असावा, अशी त्यांनी पुस्ती जोडली. १८२२मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतल्या व्यंजनबदलांची सूत्रे मांडली आणि मग हे नाते मोजूनमापून दाखवता येऊ लागले. मूळचा ‘प’ तिथे ‘फ’ होतो, ‘द’चा ‘ट’ होतो. म्हणून पाद आणि ‘फूट’, दश आणि ‘टेन’, पितृ आणि ‘फादर’. यात कोणी कोणाची आई नाही, सगळी एका पिढीतली भावंडे आहेत. दुसरा संबंध उसनवारीचा. त्यात वस्तूबरोबर शब्दही हातोहात पुढे जातो. तिसरा नुसता योगायोग. ‘वाईट’ या अर्थाचा इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’ (आपल्या बदनाम, बदफैली या शब्दांतला) यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक आणि नाते शून्य. या तिन्ही प्रकारांत नुसत्या साम्याने किती फसगत होते ते ‘पाथ’ या शब्दावरून कळते. पथ आणि ‘पाथ’ हे शेजारी ठेवले की नवशिक्यालाही नाते दिसते. पण ग्रिमच्या नियमाने इंग्रजीत वारशाने आलेल्या शब्दाचा आरंभ ‘फ’ने व्हायला हवा होता. तो ‘प’ने होतो, म्हणजे हा शब्द घरचा नव्हे, व्यंजनबदल होऊन गेल्यानंतर बाहेरून, बहुधा एखाद्या इराणी भाषेतून शिरलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. उलट पथाचा सख्खा नातेवाईक म्हणून जो शब्द पुढे केला जातो तो ‘फाइंड’. वरवर पाहता त्यात पथासारखे काहीही नाही. सारखे दिसते ते परके आणि वेगळे दिसते ते सख्खे, असा हा उफराटा कारभार आहे. इथे कान उपयोगी नाही, नियमच लागतो.

‘जिंजर’ उसनवारीच्या वर्गातला आहे, तेव्हा त्याची साखळी एकेक कडी मागे जात तपासावी लागते. अँग्लो-सॅक्सन काळातल्या वैद्यकीय हस्तलिखितांत ‘गिंगिफेर’ असे रूप आढळते. नॉर्मन विजयानंतर जुन्या फ्रेंचमधल्या ‘जिंजिब्र’ची त्यात भर पडली, मधला ‘फ-व’ बोलण्यात झिजला आणि शब्द आजच्या आकाराला आला. या इंग्रजी टप्प्यात एक गंमत दडलेली आहे आणि पुढच्या युक्तिवादाला ती उपयोगी आहे. ‘जिंजरब्रेड’मधला ‘ब्रेड’ मुळात पाव नव्हेच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जिंजांब्रास’ म्हणजे साखरेत मुरवलेले आले, म्हणजे आपल्या आलेपाकाच्या जवळचा पदार्थ. तो शब्द १३व्या शतकात इंग्लंडात पोचला. शेवटचा ‘ब्रास’ इंग्रजी कानाला निरर्थक वाटला, तेव्हा लोकांनी त्याचा ओळखीचा ‘ब्रेड’ केला. १५व्या शतकापर्यंत पदार्थही नावाला जागला आणि आल्याचा केक होऊन बसला. परका शब्द घरात आला की भाषा त्याचे असे तुकडे करून ते ओळखीच्या शब्दांशी जोडून घेते. अर्थ लागतो, पण तो नंतर लावलेला असतो. इंग्रजीत आणखी एक फसवा शब्द आहे, ‘जिंजरली’, म्हणजे हलक्या हाताने, जपून. आल्याशी त्याचा संबंध नाही. ‘नाजूक’ अशा अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच विशेषणातून तो आला असावा. एकाच भाषेतले दोन शब्द इतके सारखे असून त्यांचे गोत्र वेगळे असू शकते, मग दोन खंडांतल्या शब्दांची काय कथा!

फ्रेंचच्या मागे लॅटिन आणि लॅटिनच्या मागे ग्रीक. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गिंगिबेर’ आहे, त्याआधी ‘झिंगिबेरी’, आणि ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आल्याची माहिती देतो, पण ते अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी काठावर पिकते असे सांगतो. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी हेच सांगतो. आले म्हणजे मिरीच्या झाडाचे मूळ, हा समज खोडून काढण्याइतका तो सावध आहे. पौंडाला सहा दिनार हा भावही तो देतो. काळी मिरी तेव्हा चार दिनारांना पडत होती. उगमाच्या बाबतीत मात्र दोघेही फसले. माल तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून येत होता, व्यापारी तो कुठून आणतात हे सांगत नव्हते, आणि जिथून गलबत आले तोच माल पिकण्याचा देश असे गिऱ्हाइकाने धरून चालणे साहजिक होते. ज्या पानावर ही चुकीची माहिती लिहिली त्याच पानावर भारतातून आलेले नावही लिहिले गेले. लेखक चुकला, शब्द खरा राहिला. वस्तूचा प्रवास कळायला शब्द उपयोगी पडतो तो असा. पुढे १४व्या शतकात फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्तीने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत आल्याच्या एका जातीचे नाव ‘कोलंबिनो’ असे येते. ते केरळातल्या कोल्लम बंदरावरून पडलेले आहे. तोवर युरोपला माल कुठला हे नीट कळले होते, नावाचे मूळ मात्र कळलेले नव्हते.

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी दुसरी शाखा अरबी. ‘झंजबील’ हा शब्द कुराणाच्या ७६व्या सूरेत, स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनात येतो. धर्मग्रंथातला असूनही जुन्या अरबी कोशकारांनी तो परका, फारसीतून आलेला म्हणून नोंदवला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. ‘र’चा ‘ल’ झाला एवढे सोडले तर हा तोच शब्द. ग्रीक आणि अरबी या दोन्ही रूपांच्या आरंभी ‘झ’ आहे, भारतातल्या रूपांत मात्र ‘स’ किंवा ‘श’. साखळीतली ही सैल कडी आहे हे मान्य करायला हवे. मधल्या एखाद्या भाषेत हा घोष आला असावा, असेच त्याचे स्पष्टीकरण देता येते. पण शब्दाचे उरलेले सगळे अंग इतके नेमके जुळते की एवढ्यावरून कोणी साखळीच तोडलेली नाही.

आता आपण भारतात येऊन पोचतो आणि इथेच खरा वाद सुरू होतो. बऱ्याच इंग्रजी कोशांत साखळीच्या शेवटी संस्कृत ‘शृंगवेर’ हा शब्द दिलेला असतो आणि त्याचा अर्थ ‘शिंगासारखे शरीर असलेले’ असा सांगितलेला असतो. आल्याचे गड्डे डोळ्यांपुढे आणले की ही उपमा पटते. हरणाच्या शिंगांना फुटवे असतात तसे गड्ड्याला फाटे असतात. वाचकाला समाधान वाटते आणि शोध तिथेच थांबतो. पण याच शब्दाचे पाली रूप आहे ‘सिंगिवेर’. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना चालणाऱ्या मुळांच्या औषधांची यादी आहे. तिच्यात हळदीनंतर लगेच सिंगिवेर येते. या रूपातला दुसरा इकार पाहा. संस्कृत ‘शृंग’चे पालीत ‘सिंग’ होते, त्यातूनच आपले ‘शिंग’ आले. म्हणजे शृंगवेर हा मूळ शब्द असता तर पालीत ‘सिंगवेर’ व्हायला हवे होते. तिथे ‘सिंगि’ आहे. ग्रीकांनी जो शब्द उचलला त्यातही ‘झिंगि’ आहे. हा इकार संस्कृतात नाही, म्हणजे तो संस्कृतातून आलेला नाही. पाली आणि ग्रीक रूपांमागे जो शब्द होता त्यात तो होताच, आणि संस्कृत पंडितांनी तो शब्द ‘शृंग’च्या साच्यात बसवताना काढून टाकला. ‘ब्रास’चा ‘ब्रेड’ करणारी तीच प्रक्रिया. फरक इतकाच की इंग्लंडात ती स्वयंपाकघरात झाली आणि इथे व्याकरण जाणणाऱ्यांच्या हातून झाली, म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पहिल्या इकाराच्या ओढीने दुसऱ्या अकाराचा इकार होणे प्राकृतात अशक्य नाही. ‘सिंगवेर’चे बोलताना ‘सिंगिवेर’ झाले असेल, आणि ग्रीकांनी तेच बिघडलेले रूप उचलले असेल, तर ग्रीक हा स्वतंत्र साक्षीदार राहत नाही. आक्षेप खरा आहे. हा इकार एकटाच असता तर मीही त्यावर निकाल दिला नसता. पण शब्दाचा उत्तरार्ध याहून बोलका आहे. ‘वेर’ म्हणजे शरीर हा अर्थ संस्कृत कोशांत दिलेला आहे, पण वाङ्मयात या अर्थाने तो शब्द वावरताना दिसत नाही. तो कोशकारांपुरताच उरतो. ज्या शब्दाचा अर्धा भाग दुसरीकडे कुठेही सापडत नाही, त्याची घरची व्युत्पत्ती संशयास्पदच म्हणावी लागते. याउलट तमिळ-मल्याळममध्ये ‘वेर’ म्हणजे मूळ, तेलुगूत ‘वेरु’, कन्नडात ‘बेरु’. हा रोजच्या वापरातला, घराघरातला शब्द आहे. आल्याला तमिळ आणि मल्याळममध्ये ‘इंजि’ म्हणतात, आणि मल्याळममध्ये ओल्या आल्याला ‘इंजिवेर’ असा सामासिक शब्दही आहे. म्हणजे इंजीचे मूळ. महावग्गाच्या यादीत ते मुळांच्या वर्गातच बसवलेले आहे, हे इथे आठवावे. (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आले हे मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे, पण शब्द घडवणारे शेतकरी होते.)

ही दिशा अलीकडे सुचली असे नाही. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधी संवादांत आल्यावर एक प्रकरण लिहिले. गुजरात, दख्खन आणि बंगालात ओल्या आल्याला अद्रक म्हणतात आणि मलबारात ओल्या-सुक्या दोन्हींना ‘इंजी’ म्हणतात अशी नोंद त्यात आहे. स्वतःच्या भाषेतला ‘जेंजिव्रे’ आणि मलबारचा ‘इंजी’ एकाच प्रकरणात आले, पण त्यांचे नाते सांगितले जायला तीन शतके जावी लागली. १८८६मध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. शृंगवेर हे रूप बहुधा बाहेरून आलेले असून शिंगाच्या काल्पनिक व्युत्पत्तीने त्याला आकार दिला, आणि ‘इंजि’चे जुने रूप सकारादी किंवा चकारादी असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तो तर्क होता. कन्नड ‘शुंठी’ त्यात ओढण्याची चूकही त्यांनी केली, कारण शुंठी आणि आपली सुंठ यांचे घराणे वेगळे आहे. १९५२मध्ये ॲलन रॉस यांनी या एका शब्दावर अख्खे पुस्तक लिहिले. इंग्लंडातल्या उच्चभ्रूंचे शब्द कोणते आणि इतरांचे कोणते यावरच्या १९५४च्या निबंधामुळे ते पुढे गाजले. आल्यावरचे काम मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले. थॉमस बरो आणि मरे एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१मध्ये आला, १९८४मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि मग तर्काला नियमाचा आधार मिळाला.

तो नियम समजून घ्यायला हवा, कारण सर्वांत मोठा आक्षेप तिथेच आहे. इंजि म्हणजे सिंगि कसे? तमिळ शब्दात आरंभी ‘स’ नाहीच, आणि मध्ये ‘ग’ऐवजी ‘ज’ आहे. ‘पाथ’च्या बाबतीत एका अक्षरावर अडून बसणाऱ्याने इथे दोन अक्षरे कशी सोडायची? उत्तर असे की ती सोडायची नाहीत, त्यांचा हिशोब द्यायचा. तमिळच्या घराण्यात शब्दारंभीचा मूळ ‘च’ अनेक शब्दांतून गळून गेलेला आहे. सहा या संख्येला तमिळमध्ये ‘आरु’ म्हणतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे बोलल्या जाणाऱ्या गोंडीत तिला ‘सारुंग’ म्हणतात. गोंडी ही द्राविडीच भाषा, पण तिने आरंभीचे व्यंजन सांभाळले. असाच प्रकार मिठाच्या शब्दात आहे. तमिळ ‘उप्पु’च्या समोर गोंडीत सकारादी शब्द उभा आहे. दुसरा बदलही असाच नियमित आहे. इकार-एकारापूर्वी जुना ‘क’ तमिळमध्ये ‘च’कडे झुकतो, कान या अर्थी कन्नडात ‘किवि’ तर तमिळात ‘चेवि’. हे दोन्ही बदल उलटे फिरवले की ‘इंजि’च्या मागे ‘चिंकि’ असे रूप मिळते. अनुनासिकानंतरचा क द्राविडी उच्चारात ग होतो, म्हणून कानाला ‘चिंगि’. त्याला ‘वेर’ जोडा आणि पालीतला ‘सिंगिवेर’ पाहा. तो न जुळणारा इकारही आपोआप आपल्या जागी बसतो, त्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. एका स्पष्टीकरणाने इकार, ‘वेर’ आणि आरंभीचा ‘स’ या तिन्हींचा उलगडा होतो. शिंगाच्या कथेने फक्त गड्ड्याच्या आकाराचा उलगडा होतो, आणि तो कुणी विचारलेलाच नव्हता.

उसनवारी उलट दिशेने, म्हणजे संस्कृतातून तमिळमध्ये, झाली असेल काय? असे म्हणणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. ‘च’ गळण्याचा बदल फार जुना आहे आणि नंतर संस्कृतातून तमिळमध्ये गेलेल्या शब्दांनी आपले आरंभीचे ‘स-श’ टिकवले. शृंगवेरातून आलेला शब्दच तेवढा नेमका का गळला? शिवाय ‘वेर’ सोडून देऊन नुसते ‘इंजि’ कसे उरले? ‘इंजि’ संगम काळच्या तमिळ काव्यातही आहे. शब्द आधी छोटा असतो आणि नंतर त्याला ‘मूळ’ जोडले जाते, हा क्रम सरळ आहे. उलट क्रमात जोडलेला भाग नेमका ‘मूळ’ या अर्थाच्या तमिळ शब्दाशी जुळून यावा, असा योगायोग गृहीत धरावा लागतो.

नियम बाजूला ठेवून कानावर विसंबले तर काय होते ते जर्मन भाषा दाखवते. जर्मनमध्ये आल्याला ‘इंगव्हर’ म्हणतात. ‘इंजिवेर’च्या शेजारी हा शब्द ठेवला तर इंग्रजी ‘जिंजर’पेक्षा तोच थेट केरळातून गेल्यासारखा वाटतो. सिंहलीत आल्याला ‘इंगुरु’ म्हणतात, तोही तसाच. प्रत्यक्षात जर्मन शब्द लॅटिन-फ्रेंचच्या वाटेनेच आला आणि त्याचा पहिला वर्ण मध्ययुगात जर्मन भूमीवरच गळला. सिंहलीत ‘स’चा ‘ह’ होऊन तो लोपतो, म्हणून सिंगिवेरचे इंगुरु झाले. तमिळ, सिंहली आणि जर्मन या तिघींनी एकमेकींना न विचारता, वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या कारणांनी एकच अक्षर टाकले. केवळ साम्यावर व्युत्पत्ती रचणारा माणूस इथे हमखास फसेल.

मग द्राविडी हा तरी शेवटचा मुक्काम आहे का? आले रानात आपोआप उगवलेले कुठे सापडत नाही. माणसाने गड्डे लावूनच ते पसरवले, आणि त्याची लागवड आग्नेय आशियाच्या बाजूने सुरू झाली असावी असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. लिनियसने १७५३मध्ये त्याला वेलदोड्याजवळच्या एका गटात घातले होते. ‘झिंगिबर ऑफिसिनाले’ हे आजचे शास्त्रीय नाव १८०७मध्ये विल्यम रॉस्को यांनी दिले. चिनी ‘च्यांग’, थाई ‘खिंग’ यांच्यासारख्या शब्दांशी द्राविडी शब्दाचे नाते असावे, अशी शंका रॉस यांच्यापासून घेतली गेली आहे. तसे असेल तर वनस्पतीबरोबर नावही बंगालच्या उपसागराच्या पलीकडून आले. पण यासाठी अजून सारुंग-आरुसारखे ओळीने उभे राहणारे दाखले मिळालेले नाहीत. जी कसोटी शृंगाला लावली तीच इथेही लावायची, तर हा दुवा शक्यतेच्या पुढे जात नाही. आणि द्राविडी पक्षाचे म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. तमिळ ही जगातल्या सगळ्या भाषांची आई असे मांडणारे देवनेय पावाणर यांचे लेखन आणि आपल्याकडच्या वाटिका-व्हॅटिकनचे लेखन यांत पद्धतीचा फरक काही नाही. दोन्हीकडे कानच न्यायाधीश आहे.

संस्कृतला काही श्रेयच नाही असा याचा अर्थ काढू नये. ‘शुगर’ घ्या. शर्करा म्हणजे खडी, कंकर. अथर्ववेदात तो शब्द याच अर्थाने येतो आणि पुढे दाणेदार गोड पदार्थाला लागू होतो. म्हणजे अर्थाची वाटचाल संस्कृतातच दिसते, नंतर चिकटवलेली नाही. तिथून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी. दुसरी शाखा पाली ‘सक्खरा’कडून ग्रीक ‘साक्खारोन’कडे गेली. १८७९मध्ये कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना प्रयोगशाळेत सापडलेल्या कृत्रिम गोडीला तिथूनच सॅकरिन हे नाव मिळाले. संस्कृत शर्करेत ‘क’ आहे, पाली आणि ग्रीक दोन्हीत ‘ख’चा महाप्राण आहे, आणि आपल्या ‘साखर’मध्येही तोच ‘ख’ आहे. या एका अक्षराच्या हिशोबाने मराठी साखर ही शुगरपेक्षा सॅकरिनच्या अधिक जवळची ठरते. तिसरी शाखा मल्याळममधून पोर्तुगीजांच्या तोंडी पडली आणि गुळाचे इंग्रजी नाव ‘जॅगरी’ झाले. एकच शब्द तीन दारांनी इंग्रजीत शिरला.

आणि मराठीतून थेट इंग्रजीत गेलेला शब्द हवाच असेल तर तो आहे ‘माँगूस’, म्हणजे आपले मुंगूस. १७व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो. इंग्रजांनी त्याच्या शेपटीत आपला ‘गूस’, म्हणजे हंस पाहिला आणि लेखनात तसाच बसवला. तरी अनेकवचन करताना हंसाचे ‘गीझ’ वापरायचे नाही, हे तिथल्या शाळेत शिकवावे लागते. हाही ‘ब्रास’चा ‘ब्रेड’ आणि ‘सिंगि’चा ‘शृंग’ करणाराच प्रकार. मुंगूस तरी मूळ मराठी का? तेलुगू ‘मुंगिस’ आणि कन्नड ‘मुंगुसि’ शेजारी उभे आहेत, आणि तिथेही बोट दक्षिणेकडेच जाते. याने मराठीचे काही कमी होत नाही. शब्द ज्या भाषेने दुसऱ्याच्या हाती दिला तिचे नाव साखळीत यायलाच हवे, फक्त ते तिच्या जागी यावे. सिंगिवेरच्या बाबतीत देणारी भाषा होती प्राकृत, जी व्यापाऱ्यांच्या आणि भिक्खूंच्या तोंडी होती; संस्कृत त्या वाटेवर बाजूला उभे होते. खुद्द मराठीने हा शब्द ठेवलाच नाही. तिने संस्कृत ‘आर्द्रक’, म्हणजे ओले असलेले, हा दुसरा शब्द धरला आणि त्याचे ‘आले’ केले.

मराठी शब्दकोशकारांनी आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी ‘जिंजर’चे मूळ देताना क्रम बदलावा: इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, पाली-प्राकृत ‘सिंगिवेर’ आणि शेवटी द्राविडी ‘इंजि’ अधिक ‘वेर’. ‘शृंगवेर’ हा शब्द त्या नोंदीत राहू द्यावा, पण ‘तुलना करा’ एवढ्यापुरताच, आणि शिंगाचा अर्थ त्यातून काढून टाकावा.